नेशन्स कप : विकासाची संधी की वेगळी कपबशी?



रग्बीवर लेख पाहून काहींना आश्चर्य वाटेल. शिष्यवृत्ती थकली आहे, वस्तीच्या रस्त्याचा प्रश्न तसाच आहे, आणि ताई विलायती खेळावर लिहीत बसल्या, असेही कोणी म्हणेल. म्हणून हा विषय माझ्यापर्यंत कसा आला ते आधी सांगते.

बारामती-इंदापूर रस्त्यालगतच्या एका गावात, बौद्धवस्तीतल्या समाजमंदिरात मी काही वर्षांपासून मुलींचा अभ्यासवर्ग घेते. त्यातली एक मुलगी कबड्डी चांगली खेळायची. आई शेतमजूर, वडील ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर. तिच्या शाळेत एके वर्षी क्रीडाशिक्षकांनी लांबट, अंड्याच्या आकाराचा चेंडू आणला आणि कबड्डीच्याच मुली घेऊन रग्बीचा संघ उभा केला. पळत्या खेळाडूला कमरेत धरून पाडायचे असते, आणि ते कबड्डीच्या पोरींना वेगळे शिकवावे लागत नाही. रग्बीचा मूळ प्रकार पंधरा जणांचा. सात-सात जणांचा छोटा प्रकार आहे त्याला सेव्हन्स म्हणतात. शाळेत आणि ऑलिंपिकमध्ये हाच खेळला जातो. तर ही पोरगी निवडली गेली, बाराजणींच्या यादीत नाव आले, वस्तीत पेढे वाटले. संघ पुढच्या फेरीला बाहेरगावी गेला आणि दोन दिवसांनी परत आला. मी विचारले, "कशी झाली गं मॅच?" ती म्हणाली, "मला खेळवलंच नाही ताई. पाण्याच्या बाटल्या नेऊन द्यायला होते मी."

तिला सांगितले गेले होते, "अनुभव मिळाला ना, पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी संघच झाला नाही. ती दहावी झाली आणि खेळ सुटला.

त्यामागे जात होतीच, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. माझ्याकडे पुरावा नाही. पण "अनुभव मिळाला ना" हे वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून मी या खेळाबद्दल वाचू लागले. वाचता वाचता लक्षात आले की हेच वाक्य जगाच्या पातळीवर देशांनाही ऐकवले जाते. तिथे त्याला 'विकास' म्हणतात, आणि त्या विकासासाठी एक वेगळी स्पर्धाही आहे. तिचे नाव नेशन्स कप.

हा कप कोणाचा?

रग्बी युनियनची जागतिक संघटना म्हणजे वर्ल्ड रग्बी. या खेळात देशांच्या पायऱ्या उघडपणे ठरलेल्या आहेत. वरच्या पायरीला 'टियर वन' म्हणतात. त्यात इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्स, फ्रान्स आणि इटली हे 'सिक्स नेशन्स'वाले सहा, आणि न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, अर्जेंटिना हे दक्षिणेकडचे चार. रुमानिया, जॉर्जिया, नामिबिया, उरुग्वे, पोर्तुगाल, सामोआ, टोंगा हे खालच्या पायरीचे. भारत त्याच्याही बराच खाली.

या खालच्या देशांना मोठे सामने मिळत नाहीत म्हणून २००६ मध्ये जागतिक संघटनेने नेशन्स कप सुरू केला. पहिली स्पर्धा पोर्तुगालच्या लिस्बनमध्ये झाली. पुढची अनेक वर्षे ती रुमानियाच्या बुखारेस्टमध्ये भरली, नंतर उरुग्वेच्या मॉन्टेव्हिडिओमध्येही झाली. उद्देश चांगला सांगितला गेला : विकसनशील संघांना खेळायला मिळावे, त्यांचा दर्जा वाढावा.

पण या स्पर्धेत त्यांच्यासमोर कोण उभे केले गेले ते पाहा. अर्जेंटिना 'अ', इटली 'अ', स्कॉटलंड 'अ', 'इमर्जिंग' दक्षिण आफ्रिका. म्हणजे वरच्या देशांचे राखीव संघ. खालचा देश आपला सर्वोत्तम, देशाच्या नावाचा संघ घेऊन यायचा. वरचा देश आपली उद्याची पोरे सरावाला पाठवायचा. विकास नेमका कोणाचा चालला होता, हा प्रश्न इथेच पडतो.

तरीही खालच्यांनी करून दाखवले. २०१० मध्ये नामिबियाने हा कप जिंकला, आणि त्या वर्षी स्पर्धेत स्कॉटलंड 'अ' आणि इटली 'अ' दोघेही होते. रुमानियानेही हा कप जिंकला आहे. मग जिंकणाऱ्याला वरची पायरी मिळाली का? नाही. कप मिळाला. वर जायचा रस्ता त्या कपाला जोडलेलाच नव्हता.

मेरिट, मेरिट म्हणतात ते कुठे गेले?

आरक्षणाचा विषय निघाला की आपल्याला एकच शब्द ऐकवला जातो : मेरिट. आणि वर म्हणतात, "खेळात बघा, तिथे कुठे आरक्षण आहे? जो चांगला तोच खेळतो." हा युक्तिवाद ज्यांनी ज्यांनी ऐकला आहे, त्यांनी पुढची दोन उदाहरणे लक्षात ठेवावीत.

इटली २००० मध्ये सिक्स नेशन्समध्ये आली. २०१५ पासून २०२२ पर्यंत इटलीने या स्पर्धेत सलग ३६ सामने गमावले. छत्तीस! मार्च २०२२ मध्ये वेल्सला कार्डिफमध्ये २२-२१ असे हरवले तेव्हा ही माळ तुटली. या सगळ्या वर्षांत इटलीची जागा एकदाही धोक्यात आली नाही. कारण सिक्स नेशन्समध्ये शेवटच्याने खाली जाण्याचा नियमच नाही.

आता जॉर्जिया बघा. सिक्स नेशन्सच्या खालच्या युरोपीय स्पर्धेत जॉर्जिया वर्षानुवर्षे विजेता आहे. जुलै २०२२ मध्ये त्यांनी इटलीला २८-१९ असे हरवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वेल्सला त्यांच्याच घरात, कार्डिफमध्ये, १३-१२ असे हरवले. एका वर्षात सहापैकी दोघांना पाडले. जॉर्जिया कित्येक वर्षे म्हणते आहे की आम्हाला आत घ्या, निदान शेवटच्या क्रमांकाच्या संघाशी एक सामना लावा, जो जिंकेल तो आत. दार अजून बंद आहे.

कारणे काय सांगतात? प्रेक्षक कमी येतील, जाहिराती कमी मिळतील, प्रवास लांब पडतो, परंपरा आहे. खेळ चांगला नाही, असे आता कोणी म्हणत नाही, कारण ते म्हणायची सोय राहिलेली नाही. आपल्याकडेही हे चालत आले आहे. आधी म्हणतात, शिकून या. शिकून आलो की म्हणतात, अनुभव नाही. अनुभव घेऊन आलो की म्हणतात, आमच्या संस्थेत बसणार नाही. निकष आपल्या पुढे पुढे सरकत राहतो. वर बसलेल्याला मात्र तो कधी लावला जात नाही. सलग छत्तीस वेळा हरूनही जी जागा जात नाही, ती वारसाहक्काची जागा. तिला मेरिट कसे म्हणायचे?

पायऱ्या कशा टिकतात?

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला नुसती विषमता म्हटले नाही. श्रेणीबद्ध विषमता म्हटले. समाजशास्त्र शिकताना आम्ही ही संकल्पना परीक्षेपुरती पाठ केली. तिची धार पुढे काम करताना कळली. सरळ दोनच गट असते तर खालचे सगळे एक झाले असते. इथे प्रत्येकाच्या खाली कोणीतरी आहे. म्हणून आपली अर्धी पायरी वाचवण्यात प्रत्येकजण गुंतलेला राहतो आणि पूर्ण जिना कोणी हलवत नाही.

रग्बीत तेच झाले. २०१९ मध्ये जागतिक संघटनेने 'नेशन्स चॅम्पियनशिप' नावाची मोठी स्पर्धा मांडली. तिच्यात खालचे जिंकून वर येतील आणि वरचे हरून खाली जातील, अशी तरतूद होती. पैसाही मोठा होता. जून २०१९ मध्ये हा प्रस्ताव गुंडाळावा लागला. वरच्या देशांना खाली जाण्याची शक्यताच मान्य नव्हती. दुसऱ्याला वर येऊ देणे एक वेळ जमते, आपण खाली जाऊ शकतो हे मान्य करणे जमत नाही.

मते कोणाकडे आहेत तेही बघा. जागतिक संघटनेच्या परिषदेत वरच्या दहा संघटनांना प्रत्येकी तीन मते, म्हणजे ३०. संपूर्ण आशिया खंडाच्या संघटनेला दोन. संपूर्ण आफ्रिकेच्या संघटनेला दोन. फिजी आणि सामोआ या बेटांनी या खेळाला पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू पुरवले. फिजीने तर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सेव्हन्सचे सुवर्ण जिंकले, आणि फिजीचे ते पहिलेच ऑलिंपिक पदक. पण या दोन्ही देशांना परिषदेत स्वतःची जागा मिळाली ती २०१८ मध्ये. घाम गाळायला आधीपासून, मत द्यायला शंभर वर्षांनी.

२०२० मध्ये संघटनेच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. अर्जेंटिनाचे आगुस्तिन पिचोट खालच्या देशांच्या बाजूने बदल हवा म्हणून उभे राहिले. समोर इंग्लंडचे बिल बोमाँट. एकूण ५१ मते पडली. पिचोट २८ विरुद्ध २३ असे हरले. आणि बोमाँट यांच्या उमेदवारीला अनुमोदन कोणी दिले होते? फिजीने! हे वाचून मला हसूही आले नाही आणि रागही आला नाही. पंचायत समितीच्या निवडणुकीत, साखर कारखान्याच्या निवडणुकीत, आपल्या वस्तीतली मते कशी फिरतात हे मी जवळून पाहिले आहे. अर्ध्या पायरीच्या आश्वासनावर जिना तसाच राहतो.

आता ऑक्टोबर २०२३ मध्ये झालेला निर्णय ऐका. २०२६ पासून दोन स्तरांची नवी रचना. वरच्या स्तरात बारा संघ : तेच दहा, अधिक जपान आणि फिजी. खालच्या स्तराला नाव दिले नेशन्स कप. नाव जुनेच, पायरी जुनीच. आणि वर-खाली जाण्याची सोय? ती २०३० पासून. म्हणजे नवी इमारत बांधताना जिना मात्र चार वर्षांनी बसवू, असे ठरले.

पुण्याची कपबशी

हे सगळे आपल्याला नवीन नाही. आपल्याच जिल्ह्यात हे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी घडून गेले आहे.

पळवणकर बाळू हे नाव तरुणांनी ऐकलेले असावे. चर्मकार समाजातले. पुण्यात इंग्रजांच्या क्लबात खेळपट्टी सांभाळायचे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे काम करत. महिन्याला काही रुपये पगार. तासन्‌तास गोलंदाजी करायची, बॅट हातात मिळायची नाही. गोलंदाजी इतकी अचूक झाली की पुण्यातल्या हिंदू संघाला, इंग्रजांना हरवायचे तर बाळूशिवाय गत्यंतर उरले नाही. संघात घेतले. मैदानात सगळे एकाच चेंडूला हात लावायचे. पण चहाच्या वेळी बाकीचे पॅव्हेलियनमध्ये कपबशीत चहा प्यायचे आणि बाळूंना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात.

१९११ च्या इंग्लंड दौऱ्यात याच बाळूंनी ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी दिले गेले नाही. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळाले, तेही मोठ्या वादानंतर.

पुढे बाळू राजकारणात बाबासाहेबांच्या विरोधी बाजूला गेले. पुणे करारावर त्यांची सही आहे आणि १९३७ च्या निवडणुकीत ते मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उभे राहून हरले. हा इतिहास झाकायचे कारण नाही. त्यातून खेळाडू म्हणून त्यांचे मोठेपण कमी होत नाही. आपण शिकायचे ते एवढेच की वैयक्तिक कर्तृत्वाने मैदानाचे दार उघडते, पॅव्हेलियनचे उघडतेच असे नाही. आणि ज्याला बाहेरच्या भांड्यात चहा दिला गेला, त्यालाच पुढे संघाच्या बाजूने उभे करता येते.

नेशन्स कप मला या कपबशीसारखा वाटतो. खेळा आमच्यासोबत, घाम गाळा, आमच्या राखीव पोरांना सराव द्या. पण चहा बाहेर प्या.

मग वेगळी स्पर्धा नकोच का?

इथे एक आक्षेप येईल आणि तो प्रामाणिक आहे. नेशन्स कप नसता तर नामिबिया, रुमानिया, उरुग्वे यांना तेवढे सामनेही मिळाले नसते. उपाशी राहण्यापेक्षा अर्धी भाकरी बरी. शिवाय वेगळे मागणे हा तर आपलाच मार्ग आहे. बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघ मागितले, स्वतंत्र संस्था काढल्या. मग वेगळ्या स्पर्धेला विरोध कसा?

याचे उत्तर नीट द्यायला हवे, कारण आपल्यातलेच अनेकजण इथे गोंधळतात.

स्वतंत्र मतदारसंघात आपला प्रतिनिधी आपण निवडणार होतो, आणि तो प्रतिनिधी जाणार होता सर्वांच्या कायदेमंडळात. म्हणजे निवड स्वतंत्र, पण सत्ता सामाईक. वेगळे असणे हा आत जाण्याचा मार्ग होता. नेशन्स कपात उलटे आहे. तिथे संघ कोण बोलवायचे, कोणासमोर खेळवायचे, वर जायचा रस्ता कधी उघडायचा, हे सगळे वरचे ठरवतात. वेगळे असणे हीच तिथे शेवटची पायरी.

म्हणून कोणत्याही वेगळ्या योजनेला, वेगळ्या वसतिगृहाला, वेगळ्या स्पर्धेला आपण तीन प्रश्न विचारावेत. ती कोणाच्या निर्णयाने चालते? तिथून वर जायचा रस्ता नियमात लिहिलेला आहे का? आणि वर बसलेल्यालाही तोच नियम लागतो का? तिन्हींची उत्तरे आपल्या बाजूची असतील तर वेगळेपण ही ताकद आहे. नसतील तर ती सोय आहे, आणि सोय त्यांची आहे.

चांदी आपली, कप त्यांचा

आता भारताकडे येऊ. रग्बीतल्या सर्वात जुन्या चषकांपैकी एक म्हणजे कलकत्ता कप. इंग्लंड आणि स्कॉटलंड त्यासाठी आजही दरवर्षी खेळतात. तो कुठून आला? कलकत्त्यातल्या इंग्रजांचा रग्बी क्लब १८७८ मध्ये बंद पडला. बँकेत शिल्लक होते ते चांदीचे रुपये त्यांनी काढले, वितळवले, इथल्या कारागिरांकडून त्याचा कप घडवून घेतला आणि विलायतेला पाठवला. त्याला मुठी नागांच्या आहेत, झाकणावर हत्ती आहे. चांदी इथली, हात इथले, नाग-हत्ती इथले. आणि दीडशे वर्षांनी भारत नेशन्स कपच्या उंबऱ्यापर्यंतही पोहोचलेला नाही.

महाराष्ट्रात या खेळाचे घर म्हणजे बॉम्बे जिमखाना, स्थापना १८७५. सुरुवातीला तिथे भारतीयाला सभासदत्व नव्हते. पुढे साहेब गेले आणि खेळ इथल्या उच्चभ्रू वर्तुळात राहिला. भारताने पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला तो १९९८ मध्ये. ऑक्टोबर २०१२ मध्ये आपल्या बालेवाडीला आशियाई महिला सेव्हन्स स्पर्धा झाली. बारामतीहून बालेवाडी किती लांब? अडीच-तीन तास. आपल्या कबड्डी खेळणाऱ्या किती पोरींना त्याची खबर होती?

आणि हा खेळ कोण पुढे नेत आहे? भुवनेश्वरच्या कलिंग संस्थेत शिकणारी आदिवासी मुले-मुली. बिहारच्या खेड्यांतल्या मुली. जून २०१९ मध्ये भारताच्या महिलांनी पंधरा जणींच्या रग्बीत पहिला विजय मिळवला. मनिलामध्ये सिंगापूरला २१-१९ असे हरवले. त्या संघात ओडिशा-बिहारच्या गरीब घरातल्या मुली होत्या. जिमखान्याचा खेळ आता आदिवासी-बहुजनांच्या पायांवर उभा आहे. पण संघटनेच्या टेबलाभोवती हे पाय पोहोचले आहेत का?

२०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. क्रीडा संघटनांच्या कार्यकारिणीत जास्तीत जास्त पंधरा जण, त्यात किमान चार महिला, नामवंत खेळाडूंनाही जागा, अशी तरतूद त्यात आहे. चांगली गोष्ट आहे, स्वागत आहे. म्हणजे प्रतिनिधित्व कायद्याने द्यावे लागते, आपोआप मिळत नाही, हे संसदेला मान्य आहे. मग अनुसूचित जाती-जमातींसाठी अशी तरतूद का नाही? खेळाडूंच्या यादीत आम्ही, कार्यकारिणीच्या यादीत ते, हे किती दिवस चालायचे? हा प्रश्न आपल्या चळवळीने जेवढ्या जोरात विचारायला हवा होता तेवढा विचारला नाही.

आपल्या तालुक्यात

बारामतीत क्रिकेटचे मैदान आहे. त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथे महाराष्ट्र-उत्तराखंड असा रणजी सामनाही झाला. अभिमानाची गोष्ट आहे. डिसेंबर २०२४ मध्ये राज्याचे क्रीडा खाते आले ते इंदापूरच्या आमदारांकडे, काही महिने ते त्यांच्याकडे होते. देशाच्या आणि जगाच्या क्रिकेटचे अध्यक्षपद बारामतीच्या नेत्याने भूषवले. म्हणजे खेळाची सत्ता आपल्या दोन तालुक्यांना परकी नाही. रस्ता माहीत आहे, पॅव्हेलियन माहीत आहे. मग भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी या रस्त्यावरच्या वस्त्यांतली पोरे पॅव्हेलियनपासून एवढी लांब का? फाटकावर बाबासाहेबांचे नाव असणे आणि आतल्या समितीत बाबासाहेबांचा विचार असणे, यात अंतर आहे.

पण बोट फक्त समोर दाखवून चालणार नाही. आपणही आपला नेशन्स कप चालवतोच.

दर एप्रिलला वस्त्यावस्त्यांत 'भीम चषक' भरतात. क्रिकेट, कबड्डी, व्हॉलीबॉल. वर्गणी होते, ट्रॉफी येते, डीजे येतो, पुढाऱ्याच्या हस्ते बक्षीस वाटप होते. पोरे जीव तोडून खेळतात. आणि १५ एप्रिलला काय उरते? भिंतीवर एक ट्रॉफी. ती स्पर्धा कोणत्या जिल्हा संघटनेशी जोडलेली नाही. तिचे प्रमाणपत्र कुठे चालत नाही. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत. त्यासाठी लागते मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेतले, पडताळणी झालेले प्रमाणपत्र. आपल्या पोरांकडे दम आहे, कागद नाही. आणि ज्यांच्याकडे दम नाही त्यांनी बोगस क्रीडा प्रमाणपत्रे काढून नोकऱ्या घेतल्याची प्रकरणे याच महाराष्ट्रात गाजली आहेत. आपल्या वाट्याचा जिना कोण वापरते आहे हे तरी आपण बघतो का?

भीम चषक बंद करा, असे मी म्हणत नाही. वर दिलेले तीन प्रश्न त्यालाही लावा, एवढेच म्हणते. तो आपल्या निर्णयाने चालतो, हे खरे. पण तिथून वर जायचा रस्ता आपण बांधलाच नाही.

काय करायचे?

एक. प्रत्येक जयंती मंडळाने डीजेच्या खर्चातला काही भाग बाजूला काढावा आणि वस्तीतल्या किमान एका संघाची रीतसर नोंदणी जिल्हा संघटनेकडे करावी. कबड्डी, खो-खो, रग्बी, कोणताही खेळ चालेल. गर्दी कमी असलेल्या खेळात शिरकाव लवकर होतो. म्हणूनच रग्बीसारख्या खेळाकडे तुच्छतेने बघू नये.

दोन. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. दरवर्षी या पैशातून भांडी, सतरंज्या, खुर्च्या येतात. ग्रामसभेत उठून विचारा की यंदा मैदानाची सपाटी, मॅट, चेंडू, मुलींच्या प्रवासाचा खर्च यातून कसा करता येईल. लेखी मागा, ठरावात नोंद करून घ्या.

तीन. शिक्षण हक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण असणे हा निकष घातला आहे. आपल्या गावातल्या शाळेला मैदान आहे का? असेल तर सुटीच्या दिवशी त्याला कुलूप का? नसेल तर का नाही? शाळा व्यवस्थापन समितीत पालक म्हणून आपलेही लोक असतात. ते सहीपुरते राहू नयेत.

चार. तालुका क्रीडा संकुलाच्या समितीत कोण आहे, गेल्या पाच वर्षांत किती बैठका झाल्या, किती निधी आला, किती खर्च झाला, हे माहितीच्या अधिकारात मागवा. अर्ज करायला दहा रुपये लागतात.

पाच. क्रीडा संघटनांच्या कार्यकारिणीत अनुसूचित जाती-जमातींच्या खेळाडूंना जागा हवी, ही मागणी आपल्या निवेदनांत कायमची यायला हवी. शिष्यवृत्ती, वसतिगृह, नोकरभरती यांच्या शेजारी, पाचव्या-सहाव्या क्रमांकावर का होईना.

ज्या मुलीपासून सुरुवात केली ती आता बारावीला आहे. मागच्या महिन्यात तिला जॉर्जियाची गोष्ट सांगितली. कार्डिफचा सामना मोबाईलवर थोडा दाखवला. शेवटची मिनिटे तिने श्वास रोखून बघितली. मग विचारले, "जिंकले ना हे? मग घेतलं का त्यांना वरच्यात?"

मी म्हणाले, "नाही घेतलं अजून."

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग ताई, त्यांनी नुसतं खेळून नाही भागायचं."

एवढे तिला कळले. आता ते आपल्या मंडळांना कळायला हवे. येत्या रविवारी अभ्यासवर्गानंतर समाजमंदिरात बसून आम्ही ग्रामसभेसाठी पहिला अर्ज लिहिणार आहोत. वाचणाऱ्या प्रत्येकाने आपापल्या वस्तीत असाच एक अर्ज लिहावा.

जय भीम! जय संविधान!